शेताला सांगायचं राहिलं

१२ मे
आज पुन्हा! अकरावी ओळ कुणीतरी आधीच काढून गेलंय. ॲस्परॅगसच्या भाजीचा कोंब मातीखालून वर येऊ लागला की वरंब्याला भेग पडते. बोटांनी उकरायचं, सुरीने कापायचं, माती लोटून थापीने चोपायचं – हे इथे पोरासोरांनाही येतं. पण चोपून झाल्यावर डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवायची खोड एकट्या सासऱ्यांची.
ते जानेवारीत गेले.

१३ मे
पुन्हा. अंगठ्यासकट.

१९ मे
योर्न उजाडताच ओळीपाशी जाऊन उभा राहतो. "बाबा येतील, जरा थांबतो." माझ्या नवऱ्याने हे इतक्या शांतपणे म्हणावं! जुलैपासून ह्याची ब्रेमेन शहरातली नोकरी, घर ठरलंय, आणि आज म्हणतो, "कळवून टाक त्यांना, नाही जमत." ताटातलं अर्धं तसंच. मला शेताची नाही, ह्याच्या डोळ्यांची भीती वाटते.

२० मे
सासूबाईंना विचारलं. बटाटे सोलत होत्या.
"मालक गेला की सगळ्यांना सांगावं लागतं. मधमाश्यांना सांगितलं, गोठ्यात सांगितलं, सफरचंदाच्या झाडांनाही सांगितलं. शेत तेव्हा गोठलेलं होतं गं. म्हटलं झोपलंय, कशाला उठवा!" सुरी थांबली. "चुकलंच माझं."
"मग आता सांगू या की, आई."
"सांग. पण नव्या मालकाचं नावही घ्यावं लागतं, वीबके. ज्याचं घेशील, त्याला शेत मग सोडायचं नाही."

२१ मे
भर दुपारी गेले. वरंब्यावर तीनदा ठोकलं. "म्हातारे मालक गेले!" योर्नचं नाव अगदी ओठांवर – कागदोपत्री मालक तोच. नाही घेतलं. माझं घेतलं!
उठताना हात टेकवला, तर ओल्या मातीत चार बोटं आणि अर्धी करंगळी उमटली. (उरलेली अर्धी लहानपणी बीट कापायच्या यंत्राने खाल्ली.) घाईने पुसून टाकलं.

२२ मे
अकराव्या ओळीत भेगाच भेगा! कुणीही आलं नव्हतं. योर्न आठपर्यंत घोरत पडला, तीन अंडी हाणली, वर सासूबाईंना म्हणे, "ही कॉफी आहे की भांडी विसळलेलं पाणी?" त्या म्हणाल्या, "तुझ्या जिभेला झालंय काय, गाढवा!" दोघंही हसले. मला रडू आलं.

२९ मे
सगळं ठीक. योर्न पेट्या भरतोय.

९ जून, ब्रेमेन
नव्या घराच्या भिंती रंगवायला येऊन तीन दिवस झाले. सकाळी योर्नचा फोन – "अगं, आली होतीस तर घरात नाही का यायचं? अख्खी अकरावी ओळ चोपून गेलीस! तुझा हात ओळखत नाही का मी? चार बोटं नि अर्धी करंगळी!"
मी इथून हललेले नाही.
नखांत पांढरा रंग. त्याखाली माती.