आण्णाप्पांच्या नावावर ठेवलेलं बोट

सांगली,
७ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप आज्जांस,
मायाक्काचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

वहिनी, हे पत्र आज्जांना तूच वाचून दाखव. अर्जुनादादा घाईत ओळी गाळतो. त्यांच्या उजव्या बाजूला बस, आणि दार तेवढं पुढं ओढून घे.

आज्जा, मी इथं बरी आहे. डबा वेळेवर येतो. कॉलेजातली प्रवेशाची गर्दी आता सरली. माझं काम तेच, मुलांच्या अर्जावरची नावं आणि जन्मतारखा दाखल्याशी ताडून बघायच्या. एकदा बघून माझं समाधान होत नाही, मी दोनदा बघते. ऑफिसातल्या बायका हसतात, "मायाक्काच्या हातून चूक व्हायची न्हाई," म्हणतात. मी पुढचा अर्ज ओढते.

तुमचा खोकला कसा आहे? म्हसवडहून आणलेलं औषध संपलं का? मेंढरांची कातरणी झाली का? माण तालुक्यात यंदा गवत बरं आहे असं दादा म्हणाला.

पण हे विचारायला मी पत्र लिहीत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही हे एक कारण. दुसरं असं, की फोनवर मी पुन्हा गप्प बसले असते.

दादानं सांगितलं की तुम्ही पारावर जायचं सोडलंय. पारावरचे तुमचे जोडीदार नाथाजीकाका बोलवायला आले तर भिंतीकडं तोंड केलंत. वहिनीला एवढंच म्हणालात, "पोरीवर राग न्हाई. पर आण्णाप्पाचं नाव चोरलं गं आमी."

आज्जा, तुम्ही काही चोरलेलं नाही. ते मला आज लिहायचं आहे, आणि दोन पानं फाडून झाली तरी नीट जमत नाही.

लहानपणी तुम्ही सांगायचात ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे. तुम्ही दहा-बारा वर्षांचे होता. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आपली माणसं कृष्णाकाठी उतरायची. गावातले आण्णाप्पा दुकानदार निघताना तुमच्याकडं चिठ्ठी द्यायचे, तिकडच्या भूमिगतांना पोचवायला. तुम्ही ती काळ्या मेंढीच्या पोटाखाली लोकरीत बांधायचात. वाटेत पोलिसांनी अडवलं, घोंगडं झाडलं, भाकरी मोडून बघितली. "मेंढरू कोन झाडतंय?" असं म्हणून तुम्ही हसायचात. मग शिपायानं कानाखाली मारलेलं सांगायचात. रक्त किती आलं ते सांगायचात, पण त्या डाव्या कानानं पुन्हा कधी ऐकू आलं नाही, हे मला आईकडून कळलं. आण्णाप्पा पुढं तुरुंगात वारले. तुम्ही कुणाकडं काही मागितलं नाही.

मागितलं ते मी. ग्रामपंचायतीपुढं स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांची दगडी पाटी बसणार असं कळल्यावर जुलैत मीच अर्ज केला. तुमचं आधार कार्ड जोडलं. ग्रामसेवकांनी ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "ताई, यावर जन्म एक जानेवारी एकोणीसशे सत्तेचाळीस आहे. बेचाळीस-त्रेचाळीसचं काम यांनी कसं केलं?" शेजारी शिवतेज बसला होता, सरपंचांचा पुतण्या. तो म्हणाला, "आज्जा पोटात आसतानाच चिठ्ठ्या पोचवत हुतं व्हय?" सगळे हसले. तो मुद्दाम वाईट बोलला नाही, आज्जा. कागद त्याच्या बाजूचा होता.

ती तारीख कुणी लिहिली हे तुम्हाला आठवतं का?

मी पाचवीत होते. शाळेत आधारवाल्यांचं शिबिर होतं. त्यांनी जन्मतारीख विचारली तेव्हा तुम्ही म्हणालात, "स्वातंत्र्याच्या आदीचा हाय मी, लिवा." त्यांना आकडा हवा होता. दादा मेंढरांमागं गेलेला, तुमच्याजवळ लिहिता-वाचता येणारी मी एकटी. पंधरा ऑगस्टचं भाषण मला पाठ होतं, त्यात सत्तेचाळीस साल होतं. ऑगस्टच्या आधी जानेवारी येतो, एवढाच मी विचार केला. मोठ्यानं सांगितलं, "एक जानेवारी, एकोणीसशे सत्तेचाळीस." आधारवाले म्हणाले, "पोरगी हुशार आहे." येताना तुम्ही मला खांद्यावर बसवून आणलंत. पाचवीतली घोडी मी, ऐंशीला टेकलेले तुम्ही, तरी खांद्यावर.

तुमच्या आयुष्यातली चौदा-पंधरा वर्षं मी पुसली. नेमकी तीच.

हे मला जुलैत कळलं होतं. तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. दुरुस्तीसाठी तालुक्याला दोनदा गेले. तिथं जुना दाखला मागतात, तुमच्याकडं कसला दाखला? वाटलं, काहीतरी होईल. झालं नाही. आणि पंधरा ऑगस्टला तुम्ही नवा तांबडा पटका बांधून, काठी टेकत, सगळ्यांच्या आधी जाऊन बसलात. मी तुम्हाला घरी थांबवू शकले असते.

झेंडावंदन झालं, पाटीवरचा पडदा काढला. लोक चहाला वळले तेव्हा तुम्ही मला हाताला धरून पाटीपाशी नेलंत. "माजं कुटं हाय? बोट ठीव. त्यासाटीच शाळंत घातली तुला," म्हणालात.

तुमच्याशी कुजबुजता येत नाही, आज्जा. खरं सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि सगळ्या गावानं ऐकलं असतं. म्हणून मी काहीच बोलले नाही. तुमचं बोट धरलं आणि दगडावर ठेवलं. पाचवी ओळ. तिथं आण्णाप्पांचं नाव आहे.

तुम्ही त्या अक्षरांवरून तीनदा बोट फिरवलंत. डोळे पुसून म्हणालात, "खोल कोरलंय. टिकंल." दुपारच्या गाडीनं मी सांगलीला आले.

दोन दिवसांनी तुम्ही नाथाजीकाकांना तिथं नेलंत, आपलं नाव म्हणून त्याच ओळीवर हात ठेवलात, आणि कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवली. शिपायानं तुमचा एक कान घेतला. त्या कानाच्या आडोशाला उभं राहून मी खोटं वागले. यातलं मोठं पाप कुठलं, ते मला ठरवता येत नाही.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. मी आदल्या दिवशी येते. अर्ज लिहून ठेवलाय. त्याचं पहिलं वाक्य, "माझे आजोबा बिराप्पा यांची जन्मतारीख मी चुकीची सांगितली." दुसऱ्या वाक्यात बोटाचं लिहिलंय. हे मी उभं राहून वाचणार आहे. नाव कोरतील का, माहीत नाही. कोरतील असं खोटं मी आता सांगणार नाही. कागद बदलायला कागद लागतो, आणि तुमच्याकडं फक्त कान आहे. पण तुम्ही चोर नाही, एवढं गावानं माझ्या तोंडून ऐकावं. तुम्ही पटका बांधून या. आला नाहीत तरी मी वाचीन.

वहिनी, आता दार उघड. सगळं सताड उघड. आणि हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाच, आज्जांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बाहेर कुणी थांबलं तर थांबू दे.

तुम्ही शाळेत घातलेली,
मायाक्का