तुमची पाठ लागली त्या जत्रेबद्दल

दादा, परवा टीव्हीवर एक नावाजलेला बॉक्सर हरला. घरातली पोरं त्याच्यावर जीव टाकणारी, पण तो खाली पडून उठायच्या आत त्यांनी त्याला मोडीत काढलं. "संपला हा," असं धाकटा नातू म्हणाला आणि बिस्किटाच्या पुड्याकडे वळला. मला त्याचा असा राग आला की मी टीव्हीच बंद केला. म्हातारीला बॉक्सिंगमधलं काय कळतंय म्हणून सगळे हसले. मग मी आत येऊन तुम्हाला लिहायला बसले. माझं वय आता तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा जास्त झालंय, तरी बापाला लिहिताना पदर सावरावासा वाटतो.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण आपल्या तुळजापूरकडच्या माणसांना सोलापूर अजून परमुलूखच वाटायचा. पंचक्रोशीत तुम्हाला पाडणारा कोणी नव्हता. आमच्यासाठी त्याचा अर्थ साधा होता. म्हशीवाल्या घरांनी पाळी लावून घेतली होती आणि रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या घरून 'आपल्या पैलवानाला' म्हणून दुधाची चरवी यायची. आणि बाळंतिणी यायच्या. सव्वा महिना झाला की बाळ आणून तुमच्या मांडीवर ठेवायच्या आणि तुम्ही तालमीतली चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावायचात. केवढा गंभीर चेहरा करायचात तेव्हा! एकदा एका पोरानं धोतर भिजवलं, तरी तुम्ही हलला नाहीत. आई आत तोंडात पदर कोंबून हसत होती.

त्या वर्षी जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती तुमची आणि सोलापूरकडच्या एका कोवळ्या पैलवानाची ठरली होती. मिसरूड नुकतं फुटलेलं. आखाड्याजवळ बायकांना जागा नाही, म्हणून मी आणि आई जरा लांब, चढावर सोडलेल्या बैलगाडीत आहोत. मी उभी आहे. आई नेहमीसारखी आखाड्याकडे पाठ करून बसली आहे आणि सारखी विचारते आहे, "काय झालं गं?" हलगी कडकडते आहे. तुम्ही त्याला खाली दाबून धरलंय, लोक टोप्या उडवतायत, आणि मग कसा कोण जाणे तो सुटतो, ढाक डाव मारतो आणि तुम्ही वरून खाली येता. तुम्ही लगेच उलटलात, इतकं लगेच की पलीकडच्या बाजूला असलेल्या पंचाला काही दिसलंच नाही. आपल्या गावची माणसं आखाड्यात घुसली. "एकच खांदा टेकला! पाठ लागली न्हाय!" सोलापूरची माणसंही घुसली. काठ्या निघायची वेळ आली. पंच बिचारा घाम पुसत बरोबरी जाहीर करायला हात वर करतो आहे.

तुम्ही त्याचा हात खाली घेतलात. "लागली पाठ," म्हणालात. आपला एक जण ओरडला, "न्हाय लागली, पैलवान! आमी बघितलंय!" तुम्ही त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणालात, "मला ठाव न्हाय व्हय? पाठ माझीच हाय."

परतीच्या वाटेवर तालमीचे वस्ताद, पांढऱ्या दाढीचे ते मुसलमान गृहस्थ, तुम्ही ज्यांच्या पायाला हात लावल्याशिवाय लंगोट कसत नव्हतात, तेही गाडीत तोंड फिरवून बसले होते. गाव दिसायला लागल्यावर तेवढं म्हणाले, "हारे तो हारे बेटा, पन अपने मूँ से काय कू बोलना था?" तुम्ही मान खाली घातलीत. घरी आल्यावर आईनं भाकरी थापता थापता तोंड सोडलं. "गप बसला असता तर काय बिघडलं असतं? पंच बरोबरी देतच व्हता की!" भाकरी करपली. तुम्ही ती तशीच खाल्लीत.

लोक हरलेल्याला माफ करतात, दादा, हे मला पुढं कळलं. घसरला, नजर लागली, आदल्या दिवशी ताप होता, काहीतरी शोधून देतात. तुम्ही त्यांना तेवढंही करू दिलं नाहीत, आणि तेच त्यांना खुपलं. दूध थांबलं. कुणी थेट बोललं नाही, जो तो सांगायचा, म्हैस आटली. "एकदम समद्या गावच्या म्हशी आटल्या!" म्हणून तुम्ही खो खो हसलात. पण एका दुपारी तुम्ही ओट्यावर मांडी घालून बसला होतात आणि आपल्या गल्लीतली एक सून बाळ घेऊन समोरून चालली होती. तुम्ही हात पुढे केलेत. ती पदर ओढून तशीच पुढे गेली. तुम्ही धोतर झटकलंत आणि उठून गोठ्यात गेलात. मला तुमची कीव आली. बापाची कीव करायची वेळ कुठल्याही पोरीवर येऊ नये.

पुढच्या जत्रेत त्याच सोलापूरच्या पैलवानाची दुसऱ्या एकाशी कुस्ती तशीच वादात गुंतली. या वेळी खाली तो होता. दोन्हीकडची माणसं भांडत असताना त्यानं गर्दीत मागं बसलेल्या तुमच्याकडे बोट केलं. "त्यांना इचारा. ते म्हणतील ते कबूल." तुम्ही उठलात आणि म्हणालात, "लागली." तो तुमच्या पाया पडला आणि निघून गेला. तेव्हापासून जळकोट, तामलवाडी, कुठंही कुस्ती गुंतली की तुम्हाला बोलावणं यायचं. आई म्हणायची, "दूध द्यायला कुणी येईना, भांडणं तेवढी आणून घालत्यात." पण तुमचा फेटा ती स्वतः चुण्या घालून ठेवायची. बाळं मात्र परत आली नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा तो सोलापूरचा पैलवान आला होता. तोही आता थोराड झालेला, गुडघे धरून बसला. ओट्यावर सारा गाव होता. कुणीतरी त्या जत्रेचा विषय काढला, तसा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या दिवशी त्यांची पाठ लागली नव्हती. एकच खांदा टेकला व्हता. म्या पाडलं न्हाय त्यांना." सगळा ओटा हलला. म्हातारी माणसं रडायला लागली. आईनं इतक्या वर्षांनी मान वर केली.

तुम्ही असतात तर उठून त्याला खोटं पाडलं असतं. मी गाडीत उभी होते, दादा. दोन्ही खांदे टेकलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. पण मी त्याला चहा नेऊन दिला आणि म्हटलं, "पुन्हा एकदा सांगा."