मागचं उजवं चाक

देऊळघाट,
९ डिसेंबर २०२४

चि. प्रसेनजित यास,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठीक आहोत. थंडीने आईचा गुडघा धरतो, पण ती चूल सोडत नाही. तुझ्या वहिनीने यंदाही लोणच्याची एक बरणी तुझ्या नावाने वेगळी ठेवली आहे. ही सहावी. आधीच्या पाच आम्हीच संपवल्या. फोनवर मी इकडचं तिकडचं बोलतो आणि ठेवून देतो, म्हणून आज कागद घेतला.

परवा किसनराव जीप घेऊन गॅरेजवर आले. तीच जीप. अजून पाय ओढतच चालतात. मी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "देवानंद, मांगचे ब्रेक आवळून दे. पण तुया भावासारखे नोको." मी हसलो. सहा वर्षं मी असाच हसतो आहे.

जॅकने मागची चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली. बाबांचा नियम तुला आठवत असेल, एकाने आवळायचं, दुसऱ्याने फिरवून पाहायचं. उजवं चाक जाम होईपर्यंत आतली दातेरी चकती आवळली, मग ते मोकळं फिरावं म्हणून मोजून दाते मागे सोडले. आता फिरवून, ब्रेकचं लायनर ड्रमला किंचितच घासतंय ना, हे ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मी पाना खाली ठेवला.

अपघाताच्या त्या दिवशी डावं चाक तू आवळलं होतंस. उजवं माझं होतं. मी ते जाम केलं आणि शेगावच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. बोलून परत आलो तेव्हा दाते सोडले की राहिले, ते आठवेना. तू फिरवून पाहायला आलास तर मीच म्हटलं, "म्या पाह्यलं बे, जॅक उतरव." मी पाहिलं नव्हतं. ब्रेक नुकतेच आवळलेत म्हणून गाडी जड वाटते, असं किसनरावांना वाटलं असणार. घाट उतरताना उजव्या चाकाचा ड्रम तापला, तेच चाक जाम झालं आणि गाडी कठड्यावर गेली.

दवाखान्यात लोकांनी विचारलं, मागचं काम कोणी केलं. मी तुझ्याकडे पाहिलं. बोललो काहीच नाही, नुसतं पाहिलं. तूही बोलला नाहीस आणि आठवड्याच्या आत नाशिकला निघून गेलास. गाव तुझ्या नावाने बोटं मोडत राहिलं, माझं गॅरेज चालत राहिलं. गिऱ्हाईक तुटेल याची मला भीती होती. याची फार लाज वाटते रे.

परवा किसनरावांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "सहा वर्सं मी त्याले शिव्या देऊन राह्यलो, अन् तू मले चहा पाजून राह्यला?" संध्याकाळी आईलाही सांगितलं. ती ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही.

किसनराव तेव्हाच एसटीने घरी गेले. जाताना एवढंच म्हणाले, "गाडी राहू दे. त्यानं येऊन चाक फिरवलं, तवाच नेईन."

जीप अजून स्टँडवर आहे. उजव्या चाकाला मी पुन्हा हात लावलेला नाही. माफी मागायला मला तोंड नाही. तू ये, चाक फिरव आणि काय ऐकू येतं ते चारचौघांत सांग.

उजवं चाक आवळणारा
तुझा भाऊ,
देवानंद