आत्याच्या कोंबड्यांची हाक आणि अरबाबाचा ससाणा

मुसफ्फापासून पस्तीस किलोमीटर आत, अबूधाबी
शुक्रवार, दि. २७ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप आत्यास,

सोमनाथचा लांबून, पण पुरता वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत, तेल रोज लावतेस की आठवण झाली तरच, आणि तांबडी कोंबडी खुडूक बसली होती ती उठली का, हे सविस्तर कळव. मी बरा आहे. माझं वजन दोन किलोने उतरलं आहे, पण ते माझं असल्यामुळे इथे त्याची नोंद कोणी केलेली नाही. हे पत्र तुला शेजारची प्रज्ञा वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, आणि येत्या वसंत पंचमीला माझा साखरपुडा त्याच प्रज्ञाशी ठरवून तू मोकळी झाली आहेस हेही माहीत आहे. अशा परिस्थितीत माणसाने मोकळेपणाने पत्र कसं लिहायचं ते कोणी शिकवलेलं नाही (मी नववीपर्यंतच होतो, दहावीत असेल तर माहीत नाही), म्हणून तिच्यासाठीच्या सूचना मी कंसात घालतो. (वाचणाऱ्या व्यक्तीने कंसातला मजकूर मोठ्याने वाचू नये. हाही नाही.)

मुद्दा असा की मला सुट्टी मिळत नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

लगेच रागावू नकोस, आधी ऐक. मी इथे आलो तो स्टोअरकीपर म्हणून. मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये नट-बोल्टांचे दोनशे बारा डबे होते, आणि कशात काय आहे हे सांगणारा एकही माणूस नव्हता. मी प्रत्येक डब्याला स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली. ते आमच्या अरबाबाने पाहिलं (अरबाब म्हणजे मालक, इथे सगळे असंच म्हणतात) आणि हा मुलगा नीटनेटका आहे म्हणून मला उचलून त्याच्या मजऱ्यावर, म्हणजे वाळवंटातल्या शेतावर, आणून टाकलं. काम काय, तर शिकारीच्या ससाण्यांच्या वजनाची वही लिहिणं. नीट काम करणाऱ्याचं असं होतं. ससाणे बैठकीत गालिच्यावर, थंडगार एसीत, डोळ्यांवर कातड्याच्या टोप्या घालून बसलेले असतात. माझ्या खोलीतला एसी ऑगस्टपासून नुसता आवाज करतो. त्यांचं वजन रोज सकाळी ग्रॅममध्ये घ्यावं लागतं, कारण पोट भरलेला ससाणा एकदा उडाला की परत येत नाही आणि फार उपाशी ठेवला तर त्याच्यात दम राहत नाही. वीस ग्रॅमची चूक म्हणजे पक्षी गेला. एकेक पक्षी चाळीस हजार दिरहमचा, म्हणजे आपल्या साडेचार लाखांच्या वर. मी ताजवा दोनदा पुसून मग वजन करतो.

या पक्ष्यांना शिकवणारा माणूस वेगळा आहे, शौकतभाई, पलीकडच्या पंजाबातला, मिशा अशा की त्यांवर पक्षी बसावा. ऑक्टोबरात एक नवी मादी आली. (यांच्यात मादीच मोठी आणि जोरकस असते, नर लहान. वाचणाऱ्या व्यक्तीने यातून काही अर्थ काढू नये.) ती आली आणि तिसऱ्या दिवशी शौकतभाई मुलीच्या लग्नाला चाळीस दिवसांसाठी निघाला. जाताना मला म्हणाला, “बाबू, गोश्त देते वक़्त आवाज़ देना. रोज़ एक ही आवाज़.” कसला आवाज, काय शब्द, काही नाही. मी वही घेऊन टॅक्सीपर्यंत धावलो. तो काच वर करता करता म्हणाला, “अरे कुछ भी बोल, परिंदे को कौनसी उर्दू आती है.” आत्या, हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मी दोन दिवस विचार केला. पक्ष्याला खायला बोलावण्याची एकच हाक मला येते, आणि ती तुझी. तू तिन्हीसांजेला सूप घेऊन अंगणात उभी राहतेस आणि तोंडाशी हात धरून म्हणतेस, “ये गं चिमणे, ये ये येऽऽ, घरला येऽऽ.” (पहिले दोन ‘ये’ आखूड, तिसरा लांब.) तीच मी म्हटली. मला लाज वाटत नव्हती असं नाही. तू जन्मभर शिकऱ्याला दगड मारलेस. काळीची चार पिल्लं त्याने उचलली तेव्हा तू दिवसभर जेवली नव्हतीस आणि मलाही जेवू दिलं नव्हतंस. त्याच्याच भाऊबंदातल्या पक्ष्याला मी तुझ्या कोंबड्यांची हाक दिली, याबद्दल हात जोडतो. पण तिने खाल्लं. पहिल्या आठवड्यात हातभर अंतरावरून आली, मग दोरी बांधून पन्नास पावलांवरून, आणि तुळशीच्या लग्नाला दोरी सोडून तीनशे पावलांवरून. सगळं वहीत आहे.

मग एका शुक्रवारी अरबाबाने पाहुणे आणले. आठ लँड क्रूझर, पांढऱ्या झग्यातली तेवीस माणसं (मी मोजली, चहाचे पेले काढायचे होते). अरबाबाने स्वतः तिची टोपी काढली आणि तिला सोडलं. ती वर गेली ती मोहरीएवढी दिसू लागली. त्याने दोरीला बांधलेलं पिसांचं गाठोडं गरगर फिरवलं आणि त्यांच्या पद्धतीने आरोळी दिली. कागदोपत्री तिचं नाव बर्क, म्हणजे वीज. विजेने खाली पाहिलंसुद्धा नाही. मग त्याच्या भावाने हाक मारली, चुलतभावाने मारली, एका पाहुण्याने शिटी वाजवली. मोहरीची खसखस झाली. अरबाब माझ्याकडे वळला. “सोमनाथ, इंता कैसे बुलाता?” (इंता म्हणजे तू.) मी अदबीने म्हणालो, बाजूला जाऊन सांगतो. “यल्ला, बुलाओ.” (यल्ला म्हणजे चल, आटप.)

मी ते पिसांचं गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं, तोंडाशी हात धरला आणि म्हटलं. सगळं म्हटलं, “घरला ये”पर्यंत. तिने पंख मिटले आणि दगड पडावा तशी खाली आली आणि माझ्या पायाशी पिसांवर बसली. मग एका म्हाताऱ्या पाहुण्याने अर्थ विचारला. माझा स्वभाव वाईट, मी खोटं बोलू शकत नाही. “छोटी चिड़िया, घर को आओ,” असं मी सांगितलं. त्या म्हाताऱ्याला हसून हसून ठसका लागला, त्याला गाडीत बसवून पाणी द्यावं लागलं. अरबाब हसला नाही. त्याचे चुलतभाऊ आता फोनवर सलाम करण्याऐवजी “घरला येऽऽ” म्हणतात.

आता न्याय तू कर. पक्षी वाचवला मी, आणि शिक्षा मला. ऑगस्टमध्ये दोन प्रतींत दिलेला माझा सुट्टीचा अर्ज अरबाबाने काढला आणि बोटाने पक्ष्याकडे दाखवलं. ती दुसऱ्या कोणाच्या हाकेला आली की सुट्टी, नाहीतर हंगाम संपल्यावर, इन्शाल्ला एप्रिलमध्ये. तो स्वतः रोज दुपारनंतर सराव करतो. शब्द बरोबर म्हणतो, पण हुकूम सोडल्यासारखे. ती मान वाकडी करून ऐकते आणि बसून राहते. माझी सगळी आशा शौकतभाईवर होती. तो गेल्या शनिवारी परत आला, मी त्याला हाक शिकून घ्यायची विनंती केली, तर म्हणतो, “तौबा. तीस साल बाज़ उड़ाया, अब मुर्ग़ी बुलाऊँ? इस आवाज़ पे परिंदा शिकार करेगा या अंडे देगा?” काहीही बोल म्हणून सांगणारा हाच ना? तो चहा पीत बसला आहे, आणि वसंत पंचमीला पाटावर कोण बसणार याची चिंता मी करतो आहे. (वाचणाऱ्या व्यक्तीने इथे थांबून पाणी प्यावे.)

तरी तू एक कर. मी आलो नाही तर तू अन्न सोडशील, असं एक पत्र अरबाबाच्या नावाने पाठव. खाली अंगठा स्वच्छ उठू दे. (वाचणाऱ्या व्यक्तीने तिला खरोखर सोडू देऊ नये.)

तुझाच, काही दोष नसलेला,
सोमनाथ

ता. क. (४ डिसेंबर) मुसफ्फाला गाडी गेली नाही म्हणून पत्र पडून राहिलं. अन्न सोडण्याचं पत्र पाठवू नकोस. अरबाबाने दम दिल्यावर शौकतभाई कबूल झाला, तेही खजुरीच्या झाडांमागे, कोणी पाहणार नाही अशा बेताने. दोन दिवस त्याने नुसती कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी त्याने अर्थ विचारला, मी सांगितला, तर त्याने मिशी ओढत तो पुन्हा सांगायला लावला. मुलीला नुकतीच सासरी पाठवून आला आहे. त्यानंतर त्याने तिसरा ‘ये’ असा लावला की मीच वळून पाहिलं. काल ती तीनशे पावलांवरून पहिल्या हाकेला त्याच्याकडे आली. सुट्टी मंजूर झाली, पूर्ण महिना. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी आभार मानले. पण मी दहा पावलांवर वही घेऊन उभा होतो आणि तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ही गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. दीड महिना माझ्या हातून खाल्लं आहे तिने. म्हणून मी वीसच दिवसांसाठी येतो. साखरपुडा ठरल्या दिवशी होईल. (हे वाक्य दोनदा वाचावे.)

ता. क. २ मी लहानपणी फणसावर चढून बसायचो तेव्हा मला उतरवायला तू वेगळी हाक मारायचीस. चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. ते लिहून पाठव. ते शौकतभाईला सांगायचे नाहीत.

ता. क. ३ (हे फक्त वाचणाऱ्या व्यक्तीसाठी.) प्रज्ञा, शिकऱ्याच्या भाऊबंदाला हाक देत नाही जा, असं आत्या म्हणेल. तू आग्रह करू नकोस, चाल विचारून ठेव आणि म्हणून पाहा. मी येताना टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट आणतो. ती हाक तू तुझ्या आवाजात भर. पक्ष्याला नव्या आवाजाची सवय असलेली बरी, इतकाच हेतू आहे. हाकेला पाच मिनिटं पुरतात. कॅसेट साठ मिनिटांची आहे आणि तिला दोन बाजू असतात. पक्ष्याला एक बाजू पुष्कळ झाली.