सायलसचा उजवा हात

बफेलो, शुक्रवार

प्रिय आई,

मी मजेत आहे. चेंडू झेलताना बोट जरा सुजलंय, म्हणून अक्षर वाकडं.

काल आम्ही बेसबॉलचा सामना जिंकलो, तो आमच्या संघात चेंडू टाकणाऱ्या सायलसमुळे. वर्षानुवर्षं चेंडू टाकून त्याचा हात पार गेलाय. समोरच्या संघाचे लोक ओरडले, "म्हाताऱ्या, घरी जा!" तो हसून म्हणाला, "जातो की, तुमचे गडी बाद करून!" आणि केलेही. शेवटी त्याच लोकांनी त्याच्यासाठी टोप्या काढल्या.

जेवताना त्याला चमचाही उचलेना, मी सूप भरवलं. कप्तान म्हणाला, "उद्या विश्रांती घे." सायलस म्हणाला, "मग टाकणार कोण, तू?"

बाबांचा खोकला थांबला का? त्यांना सांग, या माणसाचे चेंडू तुमचा मुलगा झेलतो.

तुझाच,
नेड