तीन ठोके

४ मे, केज

एसटीतून उतरलो तेव्हा पोटात भूक आणि डोक्यात गाणं. स्टँडवर भजी खाल्ली, एका म्हाताऱ्याशी शेळ्यांवर गप्पा झाल्या, तास गेला. तरी घर सापडलं. झकास आहे. दगडी भिंती, तीन खोल्या, अंगण, कोपऱ्यात लिंब.

घर अंजूताईला घ्यायचंय, माझ्या मोठ्या बहिणीला. अकरा वर्षं ती याच गावात भाड्यानं राहते आणि दुसऱ्यांच्या नळावरून हंडे वाहते. या घराला स्वतःचा हौद आहे, त्यावरच ती भाळली. खरेदीखत सतरा तारखेला. मी हैदराबादेत दोन वर्षं नळकाम केलं (मग सुरत, मग नुसतंच फिरणं), म्हणून ती म्हणाली, जुनं घर हाय सिदू, तिथं राहून नळ-पाइप सगळं बघ, तू हो म्हणलास तरच सही करते. माझ्या 'हो'वर आजवर कुणी चहासुद्धा मागवला नव्हता. म्हणून ही वही. मापंही यातच.

५ मे

लाइन लोखंडी, चाळीस वर्षांची तरी. जोड गंजलेले, नखानं खरडलं की पापुद्रे पडतात. मोरीचा उतार उलटा. नळाला पाणी बाराव्या दिवशी, पुढचं सोळाला. तोवर लाइन कोरडी.

हौद अंगणात फरशीखाली. नळाची लाइन त्यातच उतरते, तिचा कॉक, म्हणजे पाण्याची चावी, वर भिंतीपाशी. लोखंडी झाकण, वरून कडी. कडी गंजून बसलीय, तेल घातलं. घरमालक सुंदरराव सांगत होते, नऊ वर्षं हौद वापरलाच नाही, बॅरलवर भागवलं. का म्हणून, विचारलं तर त्यांना एकदम वडवणीच्या बाजारातला बैल आठवला. मग मीही बैलात गुंतलो. घरी आल्यावर लक्षात आलं, उत्तर राहिलंच.

७ मे

दुपारी पाइप वाजला. ठण, ठण, ठण. थांबून परत. शेजारची शेळी माझा टॉवेल चघळत होती, तिनंही कान टवकारले. ताई फोनवर होती, तिनं ऐकलं, घाबरली. मी सांगितलं, जुन्या लाइनीत हवा अडकते. वाजलं की कॉक पूर्ण सोडायचा, हवा निघून जाते. तिनं दोनदा घोकून घेतलं. मला उस्ताद झाल्यासारखं वाटलं.

८ मे

कोरड्या लाइनीत हवा अडकत नाही. अडवायला पाणी लागतं.

१० मे

हैदराबादेत एक माणूस गच्चीवर, एक खाली. ओरडलेलं ऐकू जात नाही, म्हणून पाइपवर पाना मारायचा. एक ठोका, बंद कर. दोन, सोड. तीन म्हणजे मी टाकीच्या आत आहे, पाणी सोडू नको. तिथला आमचा उस्ताद म्हणायचा, तीन ठोके ऐकून पाठ फिरवणाऱ्यानं पुन्हा पान्याला हात लावू नये.

इथे कायम तीन.

शेजारी मुबीन, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याला सांगितलं तर आधी हसला. "उंदराला पाना देऊन बसलास का बे?" तीन म्हणल्यावर हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाला, नऊ वर्षांखाली सटवा नावाचा नळवाला हा हौद धुवायला उतरलता. त्या दिवशी पाणी आलतं, गल्लीभर मोटारी चालू, कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. नंतर सुंदरराव म्हणले, सटवा पुण्याला गेला.

"सायकल मात्र दोन वर्षं इथंच भिंतीला होती."

१२ मे

थकलो. झोप नाही. ताई येऊन चूल कुठं, देव कुठं, ठरवून गेली. शेळी पडेल म्हणून जाताना तिनं हौदाची कडी हलवून बघितली. माझ्या तेलानं सुटली, सहज. हवा नाही, कुणीतरी ठोकतंय, हे सांगायचं होतं. तिचा खुललेला चेहरा बघून देवाच्या कोनाड्याचं मापच घेत बसलो.

१३ मे

दिवसभर तीन. पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. अंबाजोगाईची गाडी लागलेली. चढलो नाही. सगळ्या गावांतून असाच निघालोय. या वेळी ताईला हो किंवा नाही सांगूनच.

१४ मे, दुपार

उतरतोय. पाणी परवा आहे. काही नसेल तर बरंच. झाकण उघडं ठेवलंय.

१४ मे, आत

मोबाइलच्या उजेडात वाकून चालावं लागतं. मागच्या टोकाला वळण, तिथं पाइपचं तोंड. खाली पाना, मुठीवर स कोरलेला. पाइपवर खड्डे, तीन-तीन-तीन, एकावर एक —

तेव्हाही हवा नव्हती. सुंदररावांनी हवाच समजून पाणी सोडलं —

वर ताईचा आवाज. सिद्या परत उंडारायला गेला, झाकण तसंच टाकून. मग झाकण पडलं, कडी लागली. ओरडलो. त्याच वेळी मोटारी लागल्या. गल्लीभर. पाणी आज कसं, सोळाला होतं —

मोबाइलला रेंज नाही. झाकण हलत नाही. पाणी घोट्यापर्यंत.

सटवाच्या पान्यानं तीन. परत तीन. हात भरून आले. धार बारीक झाली. ऐकलं तिनं, ऐकलं —

पाना खाली ठेवून लिहितोय. ठोके चालूच आहेत. माझ्या शेजारून.

ताई कॉकपाशीच आहे. पाइपातून आवाज येतो. कुणाला तरी हसून सांगतेय, हवा हाय, आमच्या सिदूनं सांगितलंय, वाजलं की पूर्ण —