हरणाचे मागचे पाय

उचगाव, १५ जानेवारी १९९८

तीर्थस्वरूप तानाक्कास धाकट्या बाबासोचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे थंडीत काय म्हणतात? माझे बरे आहेत. बाकीचा मी संपलो.

लग्नाच्या आदल्या वर्षी स्टुडिओत एका जुन्या संस्कृत नाटकावरून दोन रिळांची विनोदी फिल्म निघाली होती (राजा, शिकार, आश्रम, आणि दर चार मिनिटांनी गाणं), तिचा डबा कुठल्याशा गोदामात सापडला. हौशी मंडळींनी ती रविवारी कोल्हापुरात दाखवली. माझं लग्न या फिल्मवरच ठरलेलं. सासऱ्यांनी विचारलं, काम कसलं? मी म्हणालो, माझ्यावाचून राजाची शिकारच झाली नसती. यात खोटं काय होतं? त्यांनी मला राजा धरलं आणि मी बेचाळीस वर्षं कुणाला दुरुस्त केलं नाही, एवढाच माझा गुन्हा.

तुझ्या भावजयीनं, बायडाबाईनं, अख्खी गल्ली टेम्पोत घालून नेली. राजा आला तो भलताच, सरळ नाकाचा. (तिला वाटलं, मलाच रंगवून नाक सरळ केलंय.) मग कापडाचं हरीण आलं. नाचलं, गायलं, आणि बाण लागताच मधोमध उसवलं. पुढचा भाग तसाच पळाला आणि मागच्यातून मी बाहेर पडलो, पडद्याएवढा, शेपटासकट. सगळे हसले. बायडाबाई हसली नाही. एवढंच म्हणाली, "व्हय वो राजं, त्ये शेपूट तुमचंच की?" तेव्हापासून अबोला. ताट ठेवते आणि नात श्रुतीकडून निरोप धाडते, "हरणाला वाढलंय." आक्का, ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघायची ती नजरच गेली गं. जगावंसं वाटत नाही (भूक मात्र लागते).

तुझा,
बाबासो

ता.क. रविवारी पुन्हा खेळ आहे. मुरगूडहून सकाळच्या एस.टी.नं ये आणि बायडाबाईला एवढंच सांग, की बाबासो मुळात पुढच्या पायांत होता, त्या दिवशी नुसता बदली म्हणून मागं गेला. तुझं ती ऐकते.

दुसरा ता.क. नको, ते सांगू नकोस. पुढचे पाय आपल्या दाजींचे होते. (तुलाही त्यांनी राजाचंच सांगितलं होतं ना?) हरणाचं गाणं अख्खं त्यांच्या आवाजात आहे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तुझ्या घरात त्यांचा फोटो आहे, आवाज कुठंच नाही. तू नुसती ऐकायला ये. पुढची खुर्ची तुझ्यासाठी धरतो. मी मागं बसेन, मला सवय आहे.